शेऱ्याचा रकाना

"रस्ता ओढ्याला छेदतो, पूल नाही."

मामांनी पडद्यावरची ओळ मोठ्याने वाचली, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "पूल नाही, ही चूक कुणाची म्हणायची? नकाशावाल्याची, का बांधकाम खात्याची?"

"नकाशाची," मी म्हटलं. "रस्ता पाण्यावरून गेलाय आणि कसा गेला ते लिहिलेलंच नाही. म्हणून नियमाने पकडलं."

"नियमाने पकडलं म्हणजे तू पकडलंस."

"नियम मीच लिहिलाय."

"मग तसं म्हण. नियम आपला आपण काही पकडत नाही."

मामा भूमी अभिलेख खात्यातून भूकरमापक म्हणून निवृत्त झाले. वाई, जावळी आणि महाबळेश्वर तालुक्यांतले बांध त्यांनी आधी शंकूसाखळीने, मग प्लेन टेबलाने आणि शेवटची काही वर्षं ईटीएस मशीनने मोजले. घर दांडेघरला, पसरणी घाट चढून पाचगणीत शिरताना लागतं तिथे. सप्टेंबर संपत आला होता तरी पाऊस हटत नव्हता, टेबल लँड धुक्यात पुसून गेलं होतं, आणि मी पुण्याहून दोन दिवसांसाठी आले होते ती लॅपटॉप घेऊनच. दिवसा मी सॉफ्टवेअर तपासण्याची नोकरी करते. उरलेल्या वेळात ओपनस्ट्रीटमॅपवरच्या सातारा जिल्ह्यातल्या नोंदी तपासते. पगार नाही. मामी पलीकडे सुपात घेवडा निवडत बसल्या होत्या.

ओपनस्ट्रीटमॅप म्हणजे काय, हे मामांना मी दर भेटीत नव्याने सांगते. स्टीव्ह कोस्ट नावाच्या इंग्रजाने २००४ साली सुरू केलेला हा नकाशा कुणीही काढावा, कुणीही दुरुस्त करावा, आणि श्रेय देऊन कुणीही फुकट वापरावा. रस्ता, विहीर, शाळा, कडा, जे काही दिसेल त्याला 'टॅग' नावाची चिठ्ठी लावायची. कुठली चिठ्ठी लावावी याचे संकेत आहेत, पण दारावर पहारेकरी नाही. पहारेकरी नाही म्हणून तपासणीचे नियम. काही नियम संपादनाच्या साधनातच असतात आणि नोंद वर चढवण्याआधी टोकतात. काही नंतर सगळ्या नकाशावरून चाळण फिरवतात. फ्रेंच मंडळींनी केलेलं ओस्मोझ तसलं. आणि मॅपरूलेट नावाच्या ठिकाणी चाळणीत अडकलेल्या एकेका ठिकाणाचं काम चिठ्ठी काढावी तसं जगभरातल्या कुठल्याही स्वयंसेवकापुढे येतं. माझा ओढ्याचा नियम मी तिथेच टाकला होता.

"म्हणजे दांडेघरचा ओढा," मामा म्हणाले, "कुठला तरी जर्मन दुरुस्त करणार."

"करतो की. हरकत काय आहे?"

"हरकत नाही. कसा करतो ते बघायचंय."

मी त्यांना आधी माझा सर्वांत भक्कम नियम दाखवला. दोन रस्त्यांची टोकं डोळ्याला चिकटलेली दिसतात, पण मधे हातभर फट असते. नकाशा छापला तर ती कुणाला दिसणार नाही. मोबाईल मात्र रस्ता शोधताना त्या फटीला दरी समजतो, आणि शेजारच्या वाडीला जायला चार गावं फिरवून आणतो. ही फट यंत्राला क्षणात सापडते. त्यासाठी पाचगणीला यायची गरज नाही.

मामांना हे लगेच पटलं. "आमच्याकडं शेजारच्या दोन गटांचा सामाईक बांध एका कागदावर बारा साखळ्या भरला आणि दुसऱ्यावर अकरा, तर शेतात न जाता कळायचं की एकजण चुकलाय."

"कोण चुकलाय ते?"

"ते शेतात जाऊनच."

पुढचा नियम तीक्ष्ण वळणांचा. रस्त्याची रेघ अचानक उलट फिरली तर बहुतेक वेळा काढणाऱ्याचा हात घसरलेला असतो, म्हणून साधन इशारा देतं. मैदानी मुलखात हा नियम सोन्यासारखा आहे. पसरणी घाटात त्याने वळणावळणाला बोट दाखवलं.

"घाट काढणाऱ्याला तुझा नियम माहीत नसावा," मामा म्हणाले.

"तो नुसता इशारा आहे. दुर्लक्ष करता येतं."

"किती वेळा दुर्लक्ष करशील? पाच वळणांवर खोटं ओरडलेल्या कुत्र्याकडं सहाव्या वेळी चोर आला तरी कुणी बघत नाही."

हे मला मान्य करावं लागलं. तपासणीचे नियम लिहिणारे सगळेच या ठेचेने शिकतात. नियमाने किती चुका पकडल्या यावर तो चांगला ठरत नाही. पकडलेल्यातल्या किती खरोखर चुका होत्या, त्यावर ठरतो. म्हणून मॅपरूलेटमध्ये 'दुरुस्त केलं' याच्या शेजारी 'इथे चूक नाही' असंही बटण असतं. ते बटण फार वेळा दाबलं जाऊ लागलं की नियम लिहिणाऱ्याने स्वतःकडे बघायचं. पण हे सगळं सांगून झाल्यावर मी वाईचा किस्सा सांगायची चूक केली. वाईतल्या एका जुन्या वाड्याच्या देवडीखालून बोळ जातो. नकाशावर तो इमारत फोडून गेल्यासारखा दिसत होता, आणि 'रस्ता इमारतीतून जातो' हा नियम त्यावर लागला. देवडीखालून जाणाऱ्या वाटेसाठी वेगळा टॅग आहे. दुरुस्त करणाऱ्याला तो ठाऊक नव्हता. त्याने बोळच उचलला आणि वाड्याला वळसा घालून नेला.

"मग?"

"मग नियम गप्प झाला."

मामा हसले नाहीत. "नियम गप्प झाला," त्यांनी नुसतं पुन्हा म्हटलं आणि पानाचा डबा ओढला.

मला वाटलं, इथे त्यांना माझी बाजू नीट सांगायला हवी. चुका होतात म्हणून तपासणीच नको, असं तर ते म्हणत नव्हते ना? नकाशा इतका मोठा आहे आणि हात इतके कमी, की यंत्राने आधी चाळल्याशिवाय माणसाने कुठे बघावं हेच कळणार नाही. नेपाळचा भूकंप झाला २०१५ साली, तेव्हा हजारो लोकांनी घरी बसून उपग्रहचित्रांवरून रस्ते आणि घरं काढली, आणि मदतपथकांनी ती वापरली. तिथे नकाशाचे चौकोन पाडतात. एकाने चौकोन काढायचा, दुसऱ्या अनुभवी माणसाने तो तपासायचा. घरं एकावर एक चढलेली, रस्ते तुटलेले, सगळं आधी यंत्र दाखवतं. त्याशिवाय तो दुसरा माणूस किती चौकोन बघेल?

"मी यंत्राला नको म्हणत नाही," मामा म्हणाले. "मी बटणाला नको म्हणतोय. तुझ्या नियमाने ओढा पकडला, तर पुढं बटणं कुठली येतात?"

तीन येतात. पूल घाला. मोरी घाला. किंवा रस्ता आणि ओढा जोडा, म्हणजे तिथे पाण्यातून जावं लागतं.

"आणि जर्मनाला ओढा वरून दिसतो. मोरी दिसते?"

"नाही. रस्त्याखाली असते."

"फरशी?"

"झाडीत असली तर नाही दिसत."

"मग तो काय दाबणार?"

मी गप्प बसले, कारण हे माझ्या हातून आधी एकदा झालेलं होतं आणि ते मामांना माहीत नव्हतं. सांगून टाकलं. दोन वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात मुलांना नकाशा शिकवायला गेले होते. मुलांना काहीतरी ठोस काम हवं म्हणून नियम लिहिला: रस्त्याचा पृष्ठभाग लिहिलेला नसेल तर चूक. यादी शून्यावर आणणाऱ्या गटाला बक्षीस. दोन दिवसांत यादी शून्यावर आली. मी खूश. पुढच्या पावसाळ्यात खिंगरकडच्या एका पाणंदीवर माझी चप्पल चिखलात रुतून राहिली, आणि मोबाईलवर तीच पाणंद डांबरी होती. मुलांनी खोटेपणा केला असं मला आजही म्हणवत नाही. रकाना रिकामा ठेवायला मीच जागा ठेवली नव्हती.

"प्रिंगलसाहेबाची गोष्ट माहीत आहे?" मामांनी विचारलं.

नव्हती. पेशवाई गेल्यावर कंपनी सरकारने पुणे भागात जमिनीची पहिली मोठी मोजणी आणि आकारणी केली ती १८२०च्या दशकात, प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली. (आमच्या साताऱ्याला नव्हे, तिथे तेव्हा छत्रपती प्रतापसिंह गादीवर होते.) साहेब शिकलेला, रिकार्डोचा अर्थशास्त्री सिद्धांत डोक्यात. प्रत्येक प्रतीच्या जमिनीत पीक किती, त्यातून लागवडीचा खर्च वजा जाता उरतं किती, आणि उरलेल्यातला हिस्सा सरकारचा. कागदावर निर्दोष. त्यासाठी खालच्या कारकुनांनी शेताशेताचे आकडे भरायचे होते, आणि ते त्यांनी भरले. ते इतके बिनभरवशाचे आणि वशिल्याचे निघाले, आणि सारा इतका बसला, की लोक जमिनी टाकून गेले आणि ती पद्धतच मोडावी लागली. १८३५ नंतर इंदापुरापासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्याने सुरुवात केली आणि १८४७च्या संयुक्त अहवालात त्यांचे नियम पक्के झाले. त्यांनी निव्वळ उत्पन्नाचं गणितच सोडून दिलं. मातीची खोली किती, प्रत कुठली, आत चुनखड आहे का, पाणी साचतं का, एवढंच विचारलं. शेतात उभ्या माणसाला खणून, बघून सांगता येईल तेवढंच.

"प्रिंगल हुशार होता," मामा म्हणाले. "त्याने असा प्रश्न विचारला की ज्याचं खरं उत्तर कारकुनाकडं नव्हतं, आणि रकाना मात्र भरायलाच हवा होता. तुझं डांबर तेच."

मला हे लागलं. पण एक गोष्ट खटकतही होती, आणि ती मी बोलले. "मामा, रिकामा रकाना माणसाला कळतो. 'माहीत नाही' असं तो वाचतो. रस्ता शोधणाऱ्या यंत्राला रिकामं म्हणजे 'खुशाल जा'. ओढ्यावर काहीच लिहिलेलं नसेल तर ते ओढा बघतच नाही, रस्ता सरळ आहे म्हणतं. पावसात रात्री कुणाची रुग्णवाहिका त्या वाटेला लागली, तर तुमचं रिकामं आणि त्या जर्मनाचा पूल यांत फरक काय राहिला?"

बराच वेळ मामा बोलले नाहीत. मामींच्या सुपाचा आवाज तेवढा येत होता.

"सात-बारावर शेवटचा रकाना कुठला असतो?"

"शेरा."

"तो कशाला ठेवलाय?"

"तुम्हीच सांगा."

"जे बाकी रकान्यांत बसत नाही त्याला. सगळ्यांनीच तो नीट वापरला असं नाही. पण जागा होती. मोजणीला गेलो आणि बांध सापडला नाही, तर अंदाजाने रेघ ओढायची नसते. 'बांध मोडलेला, खुणा दिसत नाहीत' असं लिहायचं. मागून येणाऱ्याला कळतं की इथं माणूस येऊन गेला आणि त्याला कळलं नाही. तुझ्या रिकाम्यात ते कळत नाही. माणूस आलाच नाही, का येऊन त्याला समजलं नाही?"

ओपनस्ट्रीटमॅपमध्येही तसला टॅग आहे. 'इथे दुरुस्ती हवी' असं लिहून पुढे काय हवं ते साध्या शब्दांत लिहायचं. तो मी नियमात कधी धरलाच नव्हता. उलट, तो लावलेली ठिकाणं अर्धवट समजून माझी चाळण त्यांनाही दोष देत असे. म्हणजे प्रामाणिकपणे 'माहीत नाही' लिहिणारा माझ्या यादीत राहत होता, आणि अंदाजाने पूल घालणारा यादीतून सुटत होता.

मामांनी मग ई-पीक पाहणी काढली, मला समजावल्यासारखी. पूर्वी पीक पाहणी चावडीत बसून होते असं लोक बोलायचे; सगळीकडे तसं नव्हतं, पण होतं. १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकरी स्वतःच मोबाईलवर पीक नोंदवतो आणि शेतात उभं राहून फोटो काढतो. "ॲपला ऊस कळत नाही, ज्वारी कळत नाही. माणूस शेतात उभा आहे का, हे विचारायचं कळतं. असा नियम कर."

इथे मात्र मी ऐकलं नाही. खोऱ्यात रेंज नसते. कड्याच्या पोटाला मोबाईलचं ठिकाण कुठल्या कुठे सरकतं, कारण आकाशाचा अर्धा भाग डोंगराने झाकलेला असतो. नियम दारावर बसवला की ज्याचं शेत दरीत आहे तोच अडतो, आणि मग त्याची नोंद रेंजमध्ये उभा असलेला दुसराच कुणीतरी करून देतो. उपग्रहचित्रंही डोंगरात जागेवर बसत नाहीत. कडा दहा-पंधरा मीटर सरकलेला दिसला तर कुणाला नवल वाटत नाही. म्हणून घाटात 'रस्ता कड्यावरून जातो' अशी ओरड झाली, तर आधी चित्र हलवून बघायचं, रस्ता नव्हे. अडवणारा नियम मोजकाच असावा, आणि यंत्राला शंभर टक्के खात्री आहे तिथेच असावा, असं माझं अजूनही मत आहे. मामा म्हणाले, "मोजकाच म्हणजे किती?" त्याचं उत्तर मी दिलं नाही.

दुसरी बाजूही त्यांना सांगितली. पोकेमॉन गो या खेळाने २०१७च्या अखेरीला ओपनस्ट्रीटमॅपची माहिती वापरायला घेतली, तेव्हा बागेत जास्त प्राणी मिळतात म्हणून खेळाडूंनी आपापल्या घराभोवती बागा काढल्या. टॅग बरोबर, कडा मिटलेल्या, नाव व्यवस्थित. एकही नियम ओरडला नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये कुणीतरी न्यूयॉर्क शहराचं नाव बदलून तिथे ज्यूंना हिणवणारा शब्द घातला. ओपनस्ट्रीटमॅपच्या स्वयंसेवकांनी तो लवकरच काढला, पण तिथून माहिती घेणाऱ्या नकाशांमधून पुढे काही दिवसांनी तो स्नॅपचॅटसारख्या ॲपांत झळकलाच.

"ही नोंद तुझ्या नियमाने पकडली असती?"

"शब्द बघणाऱ्या नियमाने कदाचित नाही. पण 'एवढ्या मोठ्या शहराचं नाव कुणी बदलत असेल तर आधी माणसाला दाखव', या नियमाने पकडली असती."

"हा चांगलाय," मामा म्हणाले. "हा स्वतः निकाल देत नाही."

चहा आला. चहाबरोबर मामी टेबलाशी आल्या आणि पडद्याकडे वाकून बघू लागल्या. त्यांचं माहेर ओढ्यापलीकडच्या वाडीत. बोटाने वाट शोधत त्या ओढ्यापाशी थांबल्या. तिथे लाल खूण नव्हती. माझ्या यादीप्रमाणे ते ठिकाण बिनचूक होतं.

"हे काय काढलंय?"

मी टॅग उघडला. "पूल."

"पूल? कुठला पूल?" मामी म्हणाल्या. "तिथं साकव होता. माझ्या लग्नात वऱ्हाड साकवावरनं आलं. तो वाहून गेला. आता फरशी टाकलीय. पाऊस मोठा असला की फरशीवरनं पाणी जातं, मग आम्ही वरच्या अंगानं जातो, देवळाकडनं."

मी नोंदीचा इतिहास बघितला. पूल आठ महिन्यांपूर्वी घातलेला होता, माझ्याच कामाच्या चिठ्ठीवरून. घालणाऱ्याची चूक काढावी असं काही नव्हतं. त्याच दिवशी त्याने माझ्या यादीतली पुष्कळ ठिकाणं उरकली होती. वरच्या अंगाची, देवळाकडची वाट नकाशावर नव्हती. ती नाही म्हणून कुठलाही नियम ओरडला नव्हता. जे काढलेलंच नाही त्याच्यावर ओरडणार तरी कोण?

मामा काहीच बोलले नाहीत, आणि ते बरंच झालं.

त्या दुपारी आम्ही नावांवर भांडलो. तो वाद अजून मिटलेला नाही. सोप्या भागात मी जिंकले. 'ॲकॅडमी'तला 'ॲ' संगणकावर दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एकाच चिन्हाने, किंवा 'अ' लिहून त्यावर चंद्र काढून. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला वेगळे. एक शोधलं तर दुसरं सापडत नाही. इतक्या निवासी शाळांच्या गावात हे फार होतं. इथे यंत्राने खुशाल दुरुस्त करावं, कुणाला विचारू नये. मामा म्हणाले, "हे अक्षरं जुळवणाऱ्याचं काम. कर."

मग 'पाचगणी'. इंग्रजी पाट्यांवर मधे 'एन' आहे. त्यावरून मराठी रकान्यात कुणी 'पांचगणी' करतं, कुणी 'पंचगणी'. दोन्ही रकान्यांचा उच्चार जुळला पाहिजे असा नियम केला, तर तो गावाचंच नाव बदलायला सांगेल. दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांच्या मधली म्हणून पाचगणी, असं इथले लोक सांगतात. काही पाच डोंगर सांगतात. नियमाने कुणाचं ऐकायचं? आम्ही दोघांनीही ठरवलं की त्याने तोंड मिटून बसायचं. टेबल लँडबद्दलही तसंच. आशियातलं दुसऱ्या क्रमांकाचं पठार म्हणून गाईड ते दाखवतात आणि वर्णनाच्या रकान्यात कुणीतरी ते लिहूनही ठेवतं. "मोजलं कोणी?" मामांनी विचारलं. चाळीस वर्षं जमीन मोजलेल्या माणसाचा हा प्रश्न मी नोंदीत घातला नाही, वर्णन मात्र काढून टाकलं.

भांडण झालं ते वस्त्यांच्या नावांवरून. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने जातिवाचक वस्त्यांची नावं बदलायचं ठरवलं, आणि समता नगर, भीम नगर, ज्योती नगर, शाहू नगर, क्रांती नगर अशी नावं सुचवली. ओपनस्ट्रीटमॅपचा जुना दंडक असा, की जागेवर जे आहे ते नकाशावर. पाटीवर नवं नाव असतं, बोलण्यात पुष्कळदा जुनंच. जुन्या नावासाठी वेगळा रकाना आहे. माझं म्हणणं, तिथे ते राहू द्यावं. टपाल, जुने कागद, खटले, सगळं त्या नावाने आहे, आणि शोधणाऱ्याला सापडायला हवं.

"अजिबात नाही," मामा म्हणाले. मी त्यांना एवढ्या चढ्या आवाजात क्वचितच ऐकलंय. "आम्ही गावनकाशे काढले. त्यांवर ती नावं आमच्याच अक्षरात आहेत. कागदावर गेलं की ते नाव शंभर वर्षं कुणी पुसत नाही. तू तर सगळ्या जगाला देणार."

"इतिहास पुसायचा मग?"

"इतिहास ग्रंथात लिही. घराच्या पत्त्यात नको. तिथं राहणाऱ्याला विचारलंस?"

मी विचारलं नव्हतं. आणि विचारायचं तर वस्तीत कुणाला विचारायचं, एकाने हो आणि दुसऱ्याने नाही म्हटलं तर काय, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. एवढंच केलं, की 'नाव बदललेलं दिसतं, जुनं नाव भरा' असं सुचवणारा जो नियम मी अर्धा लिहून ठेवला होता, तो पुसून टाकला. मामांना तेवढ्याने समाधान झालं नाही. मलाही नाही; फक्त उलट बाजूने.

दुसऱ्या दिवशी सकाळी उघडीप होती. मामा काठी घेऊन आणि मी मोबाईल घेऊन ओढ्यावर गेलो. मामी पुढे. वाटेत मामांनी जुन्या गावनकाशाची गोष्ट सांगितली. त्यात गाडीवाट तुटक दुहेरी रेघेने दाखवतात आणि पायवाट तुटक एका रेघेने, तिची रुंदी सव्वाआठ फूट. सव्वाआठच का? साखळी तेहतीस फुटांची, तिचे सोळा आणे. चार आणे म्हणजे सव्वाआठ. तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद म्हणजे एक गुंठा. "नियम हातातल्या साखळीतून आला होता," ते म्हणाले. "जे मोजता येतं त्याचाच."

फरशीवरून दोन बोटं पाणी वाहत होतं. बाजूला साकवाचे दगडी पाये अजून उभे होते, वरचं लाकूड गेलेलं. मामी सवयीने वरच्या अंगाला वळल्या. मीही त्यांच्या मागून देवळापर्यंत जाऊन ती वाट मोबाईलवर टिपून घेतली. तायघाटच्या बाजूने धुकं पुन्हा चढू लागलं होतं.

घरी येऊन पूल खोडला. फरशी नोंदवली, पावसाळ्यात पाण्याखाली जाते असं लिहिलं, वरची वाट काढली. स्रोताच्या रकान्यात 'स्थानिक माहिती' आणि पाहिल्याची तारीख घातली. मग मॅपरूलेटवरचा माझा नियम उघडला आणि सूचनेचा मजकूर बदलला. तिथे आता 'पूल नाही' असं येत नाही. 'इथे पाणी कसं ओलांडतात?' असं येतं, आणि खाली चार उत्तरं आहेत, चौथं 'मी पाहिलेलं नाही'. ते निवडलं की ठिकाणाला शेरा लागतो आणि ते यादीत राहतं, चूक म्हणून नव्हे, येणाऱ्याची वाट बघणारं म्हणून. यादी आता शून्यावर येत नाही. मामांना फोनवर हे सांगितलं तर म्हणाले, "मोजणीची कधी आली होती?"

वाई, जावळी, महाबळेश्वर या तालुक्यांत असे शेरे लागलेले ओढे पुष्कळ आहेत. तुमचं गाव किंवा आजोळ तिकडे असेल, तर पुढच्या खेपेला वाकून बघा आणि लिहा: पूल, साकव, फरशी की मोरी.